दहा-अकराचा पाना

मोटारीच्या अगदी सुरुवातीच्या काळात गाडी चालवणाऱ्याला 'शोफर' म्हणत. शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा मूळ अर्थ 'तापवणारा', म्हणजे वाफेच्या इंजिनात कोळसा घालणारा गडी. तो मोटारीला चिकटला याचं आश्चर्य वाटायला नको. त्या गाड्या चालवण्यापेक्षा त्या सुरू करणं, सुरू ठेवणं आणि वाटेत बसल्या की पुन्हा उठवणं हेच मोठं काम होतं. मालक मागे बसे, आणि यंत्र जाणणारा माणूस पुढे. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर बसला, हळूहळू पुढून हँडल फिरवण्याची कसरत संपली, आणि तिकडे चालवणारा व दुरुस्त करणारा यांची फारकत होऊ लागली.

आपल्याकडे गंमत अशी झाली, की हे दोघं नेमके उलटे उशिरा एकत्र आले आणि तीस-चाळीस वर्षं एकाच कातडीत राहिले. मालक, चालक आणि फिटर, तिन्ही एकच! त्या मंडळींपैकी मी एक. हल्ली सकाळी फिरायला जाताना माझ्या वयाचे चार जण भेटतात. त्यातला एकजण तरी म्हणतो, "सर, पूर्वी रविवार उजाडला की गाडी उघडून बसायचो, आता बॉनेट वर करायचासुद्धा कंटाळा येतो." बाकीचे माना डोलावतात आणि "वय झालं" म्हणून विषय संपतो. मी बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आहे. कुणी कशाचंही कारण एका शब्दात सांगितलं की सनावळ्या तपासाव्यात, ही खोड अजून गेलेली नाही. तर या कंटाळ्याच्या सनावळ्या तपासू.

जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला होता. सुटे भाग परदेशातून यायचे, इथे फक्त जोडले जायचे. स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण बदललं. तयार गाड्यांची आयात बंद झाली आणि १९५३ मध्ये असं ठरलं, की ज्यांची इथे प्रत्यक्ष उत्पादन करण्याची योजना असेल त्यांनीच या धंद्यात राहावं. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी १९५४ च्या सुमारास गाशा गुंडाळला. उरले ते आपले कारखानदार. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्यात फियाट बनवू लागली. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला अँबॅसडर, आणि मद्रासला स्टँडर्ड. मोटारगाडी म्हटलं की साधारणपणे एवढीच नावं. फियाटचं इंजिन १०८९ सीसीचं. तिचीच पुढे १९७० च्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' झाली. नाव चितोडच्या राणीचं, अंग इटालियन आणि हाडं कुर्ल्याची.

१९८१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या ६८ कोटी होती, आणि त्या सुमारास देशात वर्षाला मोटारगाड्या बनत होत्या चाळीस-पन्नास हजारांच्या घरात. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की पुढचं सगळं आपोआप कळतं.

अर्थात मास्तरला मोटार कुठली परवडायला! आमच्या पिढीचं वाहन स्कूटर. पुण्याजवळ आकुर्डीला बजाजच्या कारखान्यात इटलीच्या पियाज्जो कंपनीच्या परवान्यावर स्कूटरी बनत. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये 'चेतक' आली. नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघत. दहा-दहा वर्षं थांबलेली माणसं मी पाहिली आहेत. परदेशातला कुणी नातेवाईक डॉलरमध्ये पैसे भरणारा असला तर नंबर लवकर लागे, त्यामुळे अमेरिकेतल्या दूरच्या मामांना त्या काळात फार प्रेमाची पत्रं जात. जुनी स्कूटर नव्या स्कूटरपेक्षा महाग विकली जाई. अर्थशास्त्राच्या पुस्तकात हे बसत नाही, पण आमच्या गल्लीत बसत होतं.

आता विचार करा. जी वस्तू मिळायला आठ-दहा वर्षं लागली, जी मोडली तर दुसरी कधी मिळेल याचा नेम नाही, तिच्या आत काय आहे हे माणूस शिकणार नाही तर काय करील? आम्ही त्याला हौस म्हणत होतो. हौस होतीच, पण ती टंचाईच्या पोटी जन्माला आली होती.

ती हौस म्हणजे नेमकं काय, हे आजच्या तरुण वाचकांसाठी थोडं सविस्तर सांगायला हवं. (माझ्या नातवाला 'पॉइंट' म्हणजे परीक्षेतले गुण वाटले होते.) पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडावी लागते. ती वेळेवर पडावी म्हणून धातूची दोन छोटी टोकं असत, एकमेकांना टेकणारी आणि सुटणारी. इंजिन फिरताना ती उघडली, की कॉइलमधला प्रवाह तुटे आणि त्या क्षणी प्लगमध्ये ठिणगी उडे. हेच पॉइंट. मिनिटाला हजारो वेळा उघडझाप झाल्यावर टोकं जळत, त्यांच्यावर खड्डे पडत. मग पॉलिश पेपरने ती घासायची, आणि उघडल्यावर त्यांच्यात फट राहील ती ०.४ मिलिमीटरच्या आसपास. त्यासाठी फिलर गेज नावाची पातळ पोलादी पात्यांची जुडी मिळे, प्रत्येक पात्यावर जाडी कोरलेली. ज्याच्याकडे ती नसे तो व्हिजिटिंग कार्ड सरकवून बघे. दशांश अपूर्णांकाचा आयुष्यात काय उपयोग, असं मुलं गणिताच्या मास्तरांना विचारायची. मी इतिहासाचा असूनही मला उत्तर माहीत होतं.

याशिवाय प्लग काढून साफ करणे, कार्ब्युरेटर खोलून जेटमधला कचरा तोंडाने फुंकून काढणे, क्लचची केबल तुटली तर रस्त्याकडेला बसून नवी ओवणे. डिकीत एक केबल, एक प्लग आणि एक फडकं, एवढ्यावाचून कुणी घराबाहेर पडत नसे. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, लिटरला वीस मिलिलिटर. त्या ऑइलची काजळी डोक्यात आणि सायलेन्सरमध्ये बसे, म्हणून ठरावीक काळाने डीकार्ब. सायलेन्सर चक्क जाळात घालून भाजून काढत. सकाळी स्कूटर सुरू झाली नाही, की तिला एका अंगावर कलती करायची, म्हणजे पेट्रोल हवं तिथे उतरे. चांगले प्रतिष्ठित गृहस्थ ऑफिसच्या कपड्यांत स्कूटर आडवी करून उभे आहेत, हे दृश्य तेव्हा रोजचं होतं आणि त्याला कुणी हसत नसे.

मोटारवाल्यांचे प्रकार आणखी वेगळे. फियाट काय किंवा अँबॅसडर काय, उन्हाळ्यात चढावर पेट्रोलची नळीतच वाफ व्हायची आणि इंजिनाला काही पोचायचं नाही. त्यावर उपाय म्हणजे फ्युएल पंपावर ओलं फडकं. मे महिन्यात खंबाटकी घाटात ओळीने गाड्या उभ्या असत, बॉनेटं वर, आणि प्रत्येक गाडीपाशी एक माणूस पाण्याची बाटली घेऊन रुग्णाच्या कपाळावर पट्ट्या ठेवाव्यात तसा उभा. १९९१ साली मीही एक जुनी मोटार घेतली. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. फायरिंग ऑर्डर एक-तीन-चार-दोन. ही मला माझ्या हजेरीपटासारखी पाठ होती.

आमच्या घरात या सगळ्याला विरोध होता, तो रॉकेलवरून. पार्ट धुवायला रॉकेल लागे आणि रॉकेल येई रेशनवर. स्टोव्हसाठी ठेवलेल्या डब्यातली पातळी उतरली, की सौ. काही बोलत नसे, फक्त रविवारी दुपारचं जेवण उशिरा होई. पुढे बॅटरी हातात धरून उजेड दाखवण्याचं काम मात्र तिनेच वर्षानुवर्षं केलं, आणि कुठे दाखवायचा हे तिला सांगावं लागत नसे.

एका गोष्टीची नोंद इतिहासाच्या विद्यार्थ्याने करायला हवी. आम्ही पांढरपेशी माणसं. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कुणी हातात लोखंड धरलं नव्हतं. हाताला काळं लागणं म्हणजे शाईचं. लोहार, सुतार, फिटर हे 'करणारे' आणि आपण 'सांगणारे', अशी वाटणी मनात मुरलेली. ती या स्कूटरींनी थोडी तरी मोडली. माझ्यासारखा बी. ए. झालेला मास्तर मिस्त्रीच्या शेजारी उकिडवा बसून विचारू लागला, की हा नट उलट्या आट्याचा आहे का? दहा-अकराचा पाना कोणत्या बाजूने लावला म्हणजे निसटणार नाही? शिकवणारा तो आणि विद्यार्थी मी. माझे पोवई नाक्याजवळचे मिस्त्री चौथीपर्यंत शिकलेले होते. इंजिनाच्या आवाजावरून टॅपेट किती सैल आहे हे ते सांगत आणि मग फिलर गेजने मोजून दाखवत. फरक निघाला तर पात्याकडे संशयाने बघत! त्यांच्याविषयी मला वाटलेला आदर पुस्तकातून येणं शक्य नव्हतं. टंचाईचे गोडवे मला गायचे नाहीत. रांगा, कोटा, वशिला हे सगळं मी भोगलं आहे. पण तिच्या हिशेबात ही एक जमेची बाजू आहे.

मग हे संपलं कधी? १४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० ची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती गेली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, आणि रोज सकाळी एका चावीत सुरू. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली, बटणावर सुरू होणारी, गिअर नसलेली. १९८५ मध्ये हिरो होंडाची १०० सीसीची मोटारसायकल आली, आणि तिची जाहिरात सांगत होती, की टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा. 'विसरून जा' हे आम्हाला तेव्हा खोटं वाटलं होतं. ते शब्दशः खरं ठरलं. १९९३ मध्ये मोटार उद्योगावरचा परवाना उठला आणि टंचाई संपली. १९९८ मध्ये सँट्रो आणि इंडिका आल्या. सँट्रोत कार्ब्युरेटर नव्हताच, पेट्रोल मोजून आत सोडणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा होती.

दुसरा धक्का हवेच्या बाजूने आला. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानीच्या परिसरासाठी धुराचे युरोपीय निकष लागू करायला लावले, २००० मध्ये देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं, आणि मग एकेक पायरी चढत १ एप्रिल २०२० ला भारत स्टेज ६. या शेवटच्या पायरीवर साध्या १०० सीसीच्या मोटारसायकलीचाही कार्ब्युरेटर गेला. जेट फुंकून साफ करणाऱ्याला आता फुंकायला काही उरलं नाही. याबद्दल गळा काढणाऱ्यांत मी नाही. सकाळी प्रार्थनेच्या वेळी शाळेच्या फाटकापाशी टू-स्ट्रोक गाड्यांचा जो निळा धूर साचायचा, तो ज्याने घशात घेतला आहे त्याने कार्ब्युरेटरसाठी रडू नये. 'चेतक' हे नावसुद्धा जानेवारी २०२० मध्ये परत आलं ते विजेच्या स्कूटरवर. राणा प्रतापांचा घोडा तोच, पण आत ना प्लग, ना पॉइंट. कलती करून काही उपयोग नाही.

तिसरी गोष्ट मात्र मला खटकते. गाडी उघडता येण्यासारखी राहिली नाही हा एक भाग, आणि ती उघडू दिली जात नाही हा दुसरा. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २५०० कोटी रुपयांच्या वर दंड सुनावला. कारण असं, की सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि दोष शोधायची यंत्रं या कंपन्या बाहेरच्या गॅरेजवाल्यांपर्यंत पोचू देत नव्हत्या. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या, ते कोर्टाचं रामायण वेगळं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्येच दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला होता. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२२ मध्ये त्यासाठी समिती नेमली आणि डिसेंबरात एक संकेतस्थळ उघडलं. स्वतःच्या पैशाने घेतलेली वस्तू उघडायला हक्क मागावा लागतो, हे वाक्य १९७५ साली मला कुणी ऐकवलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

तर या झाल्या सनावळ्या. माझा स्वतःचा उत्साह कधी उतरू लागला? आठवून पाहिलं तर साधारण २००५ नंतर. तेव्हा मी पंचावन्नच्या आसपास होतो, गुडघे शाबूत होते. उतरला कारण मुलाने नवी गाडी घेतली आणि तिच्यात मला करण्यासारखं काही नव्हतं. बॉनेट उघडलं की काळं प्लास्टिकचं झाकण, त्यावर कंपनीचं नाव. ज्या हौसेचा पाया गरजेवर होता, ती गरजेबरोबर गेली. माझे फिरायला येणारे मित्र ज्याला वय म्हणतात त्यातला निम्मा भाग हा आहे, असं मी त्यांना सांगतो. ते मान्य करत नाहीत.

पण उरलेला निम्मा भाग खरोखरच वयाचा आहे, आणि तो झाकण्यात अर्थ नाही. माझी जुनी मोटार तर घरीच होती, पॉइंट-कार्ब्युरेटरसकट. ती कधी बंद झाली नव्हती, मला अडवणारं कुणी नव्हतं. तरी सत्तरीच्या जवळ येताना रविवार नुसतेच जाऊ लागले. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग कडक होत जातं, हे आपण सगळेच चष्म्याच्या दुकानात शिकतो. फिलर गेजवरचा आकडा भिंगाशिवाय दिसेना. उकिडवं बसलं की उठताना काहीतरी धरावं लागे, आणि गाडीच्या बाजूला धरण्यासारखं गाडीच असते. हाताची पकड गेली. लहान नट बोटातून पडला की तो शोधायला लागणारा वेळ दुरुस्तीपेक्षा जास्त. हे सगळंही चाललं असतं. शरीराच्या कुरबुरींशी तडजोड करता येते.

न चालणारी गोष्ट वेगळीच होती, आणि ती मला मिस्त्रींनी सांगितली. एकदा त्यांच्या गॅरेजवर गेलो तर ते बाकावर बसलेले, आणि मुलगा एका गाडीला लॅपटॉप जोडून बघत होता. मी म्हटलं, "काय मिस्त्री, हात पुसून बसलात?" म्हणाले, "सर, हात अजून चालत्यात. पण पूर्वी इंजिन उतरवलं की वाटायचं, आता ही गाडी धा वर्सं बगायला नको. आता उतरवताना मनात येतंय, धा वर्सं कुणाची?" आणि हसले. मुलगा मान वर न करता म्हणाला, "बाबा, चहा सांगा." चहा आला. आम्ही दुसरं काहीतरी बोललो.

त्यानंतर मी बराच विचार केला. दुरुस्ती ही पुढच्या काळाशी केलेली बोली असते. आज रविवार घालवायचा, म्हणजे पुढचे सहा महिने गाडी त्रास देणार नाही. तरुणपणी हा सौदा फायद्याचा वाटतो, कारण रविवार पुष्कळ असतात. सत्तरीत सहा महिन्यांची हमी नको असते, रविवार हवा असतो. आणि आमच्या रविवारच्या टोळीतले दोघं गेले होते. एक कार्ब्युरेटरचा तज्ज्ञ आणि एक नुसताच बसून शेरे मारणारा. दुसऱ्याची उणीव जास्त भासली. एकट्याने इंजिन उघडण्यात मजा नाही. चुकीचं निदान करून छातीठोक सांगायला समोर कुणी तरी लागतं!

१ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीची नोंदणी नव्याने करण्याची फी ६०० रुपयांवरून ५००० झाली. माझ्या गाडीचे कागद त्याच वर्षी संपत होते. फी भरणं अवघड नव्हतं, पण तपासणीसाठी गाडी तयार करावी लागली असती, आणि ती कोण करणार या प्रश्नावर घरात सगळे माझ्याकडे बघू लागले. मी वर्तमानपत्र उघडलं. महिन्याभरात गाडी कोल्हापूरकडच्या एका जुन्या गाड्यांच्या शौकिनाने नेली. नेताना त्याने चावी फिरवली आणि ती पहिल्या फटक्यात सुरू झाली. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती, आणि वीस वर्षांच्या नियमाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. ती बातमी मी कात्रण करून ठेवली आहे. गाडीचा फोटो मात्र घरात एकही नाही, कारण फोटो काढायच्या वेळी तिचं काही ना काही उघडलेलं असे.

पाने होते. पुण्यात नाना पेठेत जाऊन एकेक करून जमवलेले. आमच्या गल्लीत आयटीआयला जाणारा एक मुलगा आहे. त्याने कुणाच्या तरी गोठ्यात पडलेली जुनी स्कूटर आणली आहे आणि ती जागती करायचा त्याचा घाट आहे. त्याला पेटी दिली. त्याने पाने ओळखले, रिंग पाने ओळखले, पक्कड ओळखली. पात्यांची जुडी उलटीसुलटी केली आणि विचारलं, "आजोबा, हे काय?" मी सांगितलं. तो अंगणातच स्कूटरपाशी बसला, मी खुर्चीत. "फट किती ठेवायची?" म्हणाला. मी आकडा सांगितला. पात्यावरचा त्याने वाचला, मला तो दिसत नव्हता. आत सौ. बॅटरी शोधत होती.